एका कमांडमधे पन्नास पीसी: रिमोटवरून काम करताना या चुका टाळा

पॉवरशेल रिमोटिंग किंवा पीएसएक्झेक (विंडोजच्या दुसऱ्या पीसीवर आपल्या जागेवरून कमांड चालवायची साधनं) हाताशी आलं की प्रत्येक टेबलापाशी जाऊन बसायची गरज उरत नाही, पण तुमची कमांड जिथे जिथे पोचते तिथे तिथे तुमची चूकपण पोचते, आणि हे मी स्वतः अनुभवलंय म्हणून कळकळीने लिहितोय.

सगळ्यात वाईट चूक आधी सांगतो. एका ऑफिसात सगळ्या पीसीवरचं एक जुनं टेम्प फोल्डर रिकामं करायचं होतं. मी माझ्या मशीनवर फोल्डरचा पाथ एका व्हेरिएबलमधे ठेवला, मग इन्व्होक-कमांडच्या (समोरच्या मशीनवर कमांड चालवणारी पॉवरशेलची कमांड) महिरपी कंसात तेच व्हेरिएबल, पुढे बॅकस्लॅश आणि स्टार लावून डिलीट लिहिलं. आता गंमत नाही, भीती अशी की माझ्या मशीनवरचं व्हेरिएबल समोरच्या मशीनला माहीतच नसतं, तिकडे ते रिकामं असतं, मग मागे उरतं फक्त बॅकस्लॅश-स्टार, म्हणजे अख्खं सी ड्राइव्ह! नशिबाने आधी एकाच टेस्ट पीसीवर व्हॉट-इफ (खरं डिलीट न करता काय डिलीट होईल ते फक्त दाखवणारा पर्याय) लावून चालवलं होतं, स्क्रीनवर विंडोज आणि युझर्स फोल्डरची नावं बघून घामच फुटला. उपाय सोपा आहे, व्हेरिएबलच्या नावाआधी डॉलर-यूझिंग-कोलन लावायचं, आणि पाथ रिकामा असेल तर स्क्रिप्ट तिथेच थांबेल अशी एक ओळ वर टाकायची. आणि व्हॉट-इफ शिवाय डिलीट कधीच नाही, कितीही घाई असली तरी.

आता कनेक्टच होत नाही म्हणणाऱ्यांसाठी. पिंग जातंय म्हणून रिमोटिंग चालेलच असं नाही, रिमोटिंग ज्यावर चालतं त्या विनआरएम सर्व्हिसचा पोर्ट वेगळा, साधा ५९८५ आणि एचटीटीपीएसवाला ५९८६, म्हणून टेस्ट-डब्ल्यूएसमॅन या कमांडने तपासा. विंडोज सर्व्हर २०१२ पासून सर्व्हरवर रिमोटिंग आधीच चालू असतं पण विंडोज १० किंवा ११ च्या पीसीवर ते चालू करावं लागतं, आणि नेटवर्क पब्लिक प्रोफाइलवर असेल तर चालू करायची कमांड अडते. दुसरं म्हणजे लोक नावाऐवजी आयपी टाकतात. डोमेनमधे कर्बेरॉसला (ओळख पटवणारी लॉगिनची पद्धत) मशीनचं नाव लागतं, आयपी दिला की गाडी ट्रस्टेड होस्ट्सवर, म्हणजे विश्वासू मशीनच्या यादीवर, येऊन अडकते आणि मग वैतागून लोक तिथे स्टार, म्हणजे ‘कुठलंही मशीन’, टाकून मोकळे होतात. कृपया हे करू नका, नाव वापरा. नाव बरोबर असूनही लॉगिन होत नसेल तर दोन्हीकडची घड्याळं बघा, ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक कर्बेरॉस सहसा चालवून घेत नाही.

रिमोट सेशनमधून फाइल सर्व्हरवरचा सेटअप उचलायला गेलं की ॲक्सेस डिनाइड येतं, आणि आपण तासभर शेअरच्या परमिशन तपासत बसतो. परमिशन बरोबर असते हो, तुमची ओळख पहिल्या मशीनपर्यंत पोचते पण तिथून पुढच्या मशीनला जात नाही, यालाच डबल हॉप म्हणतात. सेटअप आधी कॉपी-आयटमने त्या सेशनमधे ढकला आणि मग तिथूनच चालवा, एवढ्याने काम होतं.

पीएसएक्झेकवर इन्स्टॉलर लटकला तर बहुतेक वेळा तो समोरच्या मशीनवर कुणालाच न दिसणाऱ्या खिडकीत ‘नेक्स्ट’ दाबायची वाट बघत असतो, त्यामुळे सायलेंट स्विच (काहीही न विचारता इन्स्टॉल करायचा पर्याय) आधी हाताने तपासा.

शेवटची चूक दिसायला छोटी आहे पण सगळ्यात जास्त मीच केलीये, ती म्हणजे स्क्रीनवर भराभर ओळी गेल्या की काम झालं असं धरून चालणं. इन्व्होक-कमांड डीफॉल्टने एका वेळी ३२ मशीन घेतं, उत्तरं येतील तशी मिसळून येतात, आणि बंद असलेल्या पीसीची लाल ओळ त्या गर्दीत वर निघून जाते. पन्नासमधले सहा पीसी बंद होते आणि त्यांना पॅच बसलाच नाही हे मला पुढच्या आठवड्यात कळलं, तेव्हापासून मी एरर वेगळ्या व्हेरिएबलमधे गोळा करतो, राहिलेल्या मशीनची नावं एका टेक्स्ट फाइलमधे काढतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेवढ्यांवरच परत चालवतो, ती फाइल रिकामी होईपर्यंत.