खिशातला स्क्रू ड्रायव्हर निवडताना

रोज खिशात ठेवायचा तर उलटसुलट बसणाऱ्या पातीचा घ्या: एका टोकाला प्लस, दुसऱ्याला मायनस. प्लसचं टोक पीएच२ (फिलिप्स क्रमांक २) मापाचं हवं. स्विचबोर्ड, कडी, कपाटाची बिजागरी, घरातले बरेचसे स्क्रू त्यानेच फिरतात. खेळण्यातल्या बॅटरीच्या झाकणाला मात्र त्याहून बारीक पीएच१ किंवा पीएच० लागतो. मोठ्या खाचेत बारीक टोक घातलंत की ते घसरतं आणि खाच कायमची झिजते. पातीवर ‘सीआर-व्ही’ म्हणजे क्रोम व्हॅनेडियम पोलाद, असं कोरलेलं पाहा. मूठ बोटाएवढी बारीक नको, जोरच लागत नाही. आणि कृपा करून टेस्टरने घट्ट स्क्रू पिळू नका, तो वीज तपासायला आहे! विमानप्रवासात स्क्रू ड्रायव्हर चेक-इन बॅगेत टाका.