सिग्नलला इंजिन आपोआप बंद होतं, ते बटण कधी दाबायचं?

"बंद पडली का रे गाडी?" नळस्टॉपच्या सिग्नलला मागच्या सीटवरून आत्या दर वेळी हेच विचारते. पडली नाही, तिची तीच बंद झाली, ब्रेकवरचा पाय उचलला की चालू होईल, हे सांगून झालंय. पण तिला ते पटत नाही. तिला काय बोलणार? गाडी घेणारेही या 'ऑटो स्टार्ट-स्टॉप' सोयीला कंटाळून गाडीत बसल्या बसल्या ती बंद करायचं बटण दाबून टाकतात. माझं मत असं की सरसकट बंद करू नका, पण कधी बंद करायची ते पक्कं माहीत करून घ्या.

आधी ती कधी चालते ते ओळखा

गिअरच्या गाडीत न्यूट्रल करून क्लच सोडला की इंजिन थांबतं, क्लच दाबला की चालू होतं. ऑटोमॅटिकमध्ये हेच काम ब्रेकचा पेडल करतो. मीटरमध्ये गोल बाणाच्या आत 'ए' अक्षराचा दिवा लागला की समजा, इंजिन गाडीने स्वतःहून थांबवलंय. सकाळी इंजिन गार असताना, बॅटरी उतरलेली असताना, एसीवर ताण असताना किंवा सीटबेल्ट लावलेला नसताना ती बहुतेक गाड्यांत काम करत नाही. तो बिघाड नसतो.

मग स्वतःचा हिशेब मांडा

एसी लावून उभी असलेली छोटी पेट्रोल गाडी तासाला साधारण पाऊण ते एक लिटर पेट्रोल जाळते. तुमच्या रोजच्या रस्त्यावर सिग्नलला मिळून 15 मिनिटं जात असतील, तर दिवसाला 200 मिलीलिटरच्या आसपास वाचू शकतं. महिन्याचे 25 दिवस धरले तर पाच लिटर. प्रत्यक्षात उन्हाळ्यात एसीमुळे इंजिन मध्येच चालू होतं, म्हणून मी त्याचे निम्मेच धरतो. तरी महिन्याला अडीचशे रुपये सुटतात. साताऱ्याहून पुण्याला हायवेने ये-जा करणाऱ्याला मात्र यातून फारसं काही मिळणार नाही.

अमेरिकेतल्या अरगॉन प्रयोगशाळेने मोजून पाहिलंय की 10 सेकंदांपेक्षा जास्त वेळ इंजिन नुसतं चालू ठेवण्यापेक्षा ते बंद करून पुन्हा चालू करायला इंधन कमी लागतं. हीच खूणगाठ बांधा. 60 सेकंदांचा सिग्नल असेल तर इंजिन खुशाल बंद होऊ द्या. हिंजवडीच्या जाममध्ये गाडी चार फूट सरकते आणि थांबते, तिथे बटण दाबा.

या वेळी बटण दाबाच

पहिली वेळ साचलेल्या पाण्याची. सायलेन्सरमधून धूर जोरात बाहेर पडत असतो तोवर पाणी आत शिरत नाही. गुडघाभर पाण्यात पुढची गाडी थांबली, तुम्ही ब्रेक दाबला आणि इंजिन थांबलं, की तो जोरच जातो. मुळात एवढ्या पाण्यात गाडी घालूच नये. पण घालायची वेळ आलीच तर पाण्यात उतरण्याआधी बटण दाबा, मध्ये गेल्यावर शोधू नका.

दुसरी वेळ घाटाची. खंबाटकी चढून टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा भाग) तापलेला असतो आणि तुम्ही लगेच चहाला थांबता. इंजिन मिनिटभर चालू राहू द्या, तेल फिरून टर्बो निवतो. नव्या गाड्यांत ही काळजी गाडीच घेते, तरी मी बटण दाबतो. सवय म्हणा हवं तर. पार्किंगमध्ये मागेपुढे करताना आणि भर चौकात उजवीकडे वळायला फट शोधत असतानाही सोय बंद ठेवा. चालू व्हायला अर्धा सेकंदच लागतो, पण समोरून बस येत असेल तर तोही नको वाटतो. मे महिन्यातल्या नागपूरबद्दल वेगळं सांगायला नको. इंजिनावर चालणारा एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाबरोबर थांबतो आणि पंखा नुसती कोमट हवा फेकतो.

दर वेळी बटण दाबायचा कंटाळा असेल तर गिअरच्या गाडीत क्षणभर थांबताना क्लच सोडू नका, इंजिन चालूच राहील. बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत ब्रेक हलका दाबला तरी तेच होतं. सोय कायमची बंद करणारी बाहेरची उपकरणं मिळतात, पण त्यांपायी वॉरंटीचा वाद ओढवून घेऊ नका.

बॅटरीत काटकसर नको

इथे मी स्वतः फसलोय. बॅटरी संपली तेव्हा दुकानदार म्हणाला, "साहेब, मापाला बसते ना, मग झालं." साधी बॅटरी दीड-दोन हजारांनी स्वस्त होती, मीही मान डोलावली. वर्ष व्हायच्या आत सकाळी सेल्फ मारला तर नुसतं टकटक. दिवसातून पन्नास वेळा इंजिन उठवायचं आणि मधल्या वेळात दिवे, पंखा, म्युझिक सांभाळायचं, हे साध्या बॅटरीचं काम नाही. त्यासाठी ईएफबी किंवा एजीएम जातीची बॅटरी लागते. जुन्या बॅटरीवर जे लिहिलंय, तीच जात घ्या. एजीएम असेल तर ईएफबीवर उतरू नका. काही गाड्यांत नवी बॅटरी बसवल्यावर स्कॅनर लावून गाडीला तसं कळवावंही लागतं, दुकानात ते आधीच विचारा.

इंजिन गरम असूनही आठवडाभर एकाही सिग्नलला ते थांबलं नाही, तर पहिला संशय बॅटरीवर घ्या आणि तपासून आणा. जंप स्टार्ट करायची वेळ आली तर काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला लावू नका. तिथे चार्ज मोजणारा सेन्सर असतो. ती इंजिनाच्या किंवा बॉडीच्या उघड्या धातूला लावा. स्टार्टर लवकर खराब होईल ही भीती मात्र बाळगू नका, अशा गाड्यांना तो मुळातच दणकट दिलेला असतो.

उतरताना

दूध घ्यायला थांबलात, इंजिन शांत आहे, म्हणून गाडी बंद आहे असं समजून उतरू नका. काही गाड्या पट्टा सोडल्यावर किंवा दार उघडल्यावर परत चालू होतात, काही नुसत्या बीप बीप करत इग्निशन चालू ठेवून बसतात. त्यामुळे बॉनेटला हात लावण्याआधीही हीच सवय ठेवा: ऑटोमॅटिक असेल तर 'पी'वर टाका, हँडब्रेक ओढा, चावीने किंवा बटणाने गाडी खरोखर बंद करा आणि मगच पट्टा सोडा.