गाणी लिहायची, गायची आणि नाटकातही टिकायचं असेल तर काय करायचं (ठाण्यातल्यांसाठी)

दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच, दादा मी स्वतःची गाणी लिहितो, चाली पण लावतो, नाटकाची पण आवड आहे, सुरुवात कुठून करू. तलावपाळीवर कटिंग पीत पीत हे इतक्यांदा सांगून झालंय की म्हटलं एकदा लिहूनच टाकू. पंचवीस वर्षं नोकरी सांभाळून हेच करतोय, फेमस वगैरे झालो नाही, पण गाणं सुटलं नाही, तेवढ्या लायकीवर बोलतोय.

पहिलं म्हणजे घरात बसून गाणी साठवत बसू नका, एखाद्या नाटकाच्या ग्रुपमध्ये घुसा. अभिनय येत नसेल तरी चालेल, हार्मोनियम उचलायला जा, प्रॉम्प्टिंगला, म्हणजे विंगेतून वाक्यं आठवून द्यायला, बसा. ठाण्यात हौशी आणि एकांकिकावाले ग्रुप भरपूर आहेत, गडकरी रंगायतन १९७८ पासून इथे उभं आहे, घाणेकर नाट्यगृहात मोठ्या थिएटरसोबत मिनी थिएटरही आहे, आणि वाशीकडे राहत असाल तर भावे नाट्यगृह आहेच. प्रयोग संपल्यावर मागच्या दाराशी थांबा आणि विचारा, माणसं लागतच असतात, विशेषतः फुकट काम करणारी.

हे का सांगतोय ते ऐका. माझं पहिलं नाटकातलं गाणं चार अंतऱ्यांचं होतं, मला वाटायचं काय लिहिलंय. नौपाड्यातल्या एका शाळेच्या वर्गात रात्री नऊनंतर तालमी चालायच्या, बाकं भिंतीला लावलेली, डोक्यावर खडखडणारा पंखा, दिग्दर्शकाने मोबाईलवर स्टॉपवॉच लावलं आणि म्हणाला या नटीला विंगेत साडी बदलायला चाळीस सेकंद लागतात, मला चाळीस सेकंदांचं गाणं दे. दोन अंतरे तिथल्या तिथे गेले, तिसरा अर्धा झाला. मी रिक्षात घरी येईपर्यंत फुगून बसलो होतो. पण प्रयोगात ते गाणं संपलं आणि ती नवी साडी नेसून आली तेव्हा टाळी पडली, आणि मला कळलं की गाणं कुठे थांबवायचं हे वहीत कळत नाही. आता स्वतःच्या कार्यक्रमासाठी लिहितानाही मी हे गाणं कोणाची साडी झाकतंय असं मनात विचारतो, उत्तर नाही मिळालं तर एक अंतरा कापतो.

लिहिण्याचं तंत्र. मुक्तछंदावर चाल लावता येते, पण सुरुवातीला मोजून लिहा. अष्टाक्षरी सगळ्यात सोपी, ओळीत आठ अक्षरं, ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही. समजा ‘खाडीपुलावर गाडी, थांबते ती रोज थोडी’, मोजा, आठ-आठ भरतात. आता चाल लावताना वरचा सूर ‘डी’वर ठेवलात तर तोंड मिटतं आणि आवाज चिरकतो, तोच सूर ‘ला’वर ठेवा, मोकळा निघतो. आ-कार वर, ई-कार खाली, हा नियम नाही पण नव्वद टक्के वेळा वाचवतो. आणि ओळ ‘त’ किंवा ‘क’वर संपली की सूर लांबवता येत नाही, पट्कन तुटतो, तिथे ठेका येऊ द्या.

पट्टीचं गणित, म्हणजे हार्मोनियमची कुठली पट्टी ‘सा’ धरायची ते, तर सगळेच विसरतात. मी चाल माझ्या पट्टीत बांधायचो आणि ती गायला लागायची मुलीला. माझ्याच सप्तकात गायला लागली की खालचे सूर हवेत विरायचे, वरच्या सप्तकात घेतलं की किंचाळल्यासारखं. बाईच्या आवाजाला साधारण काळी चारच्या (सप्तकातल्या चौथ्या काळ्या पट्टीच्या) आसपास बघा, पण आधी तिला तासभर गायला लावा आणि मग ठरवा. शास्त्रीय बैठक नसेल तर कुठल्याही वयात क्लास लावा, वाशीला गांधर्व महाविद्यालय आहे, ठाण्यातून ट्रान्स हार्बरने जाता येतं. विशारद झालंच पाहिजे असं काही नाही, पण आपण कुठल्या सुरावर आहोत ते डोळे मिटून कळायला हवं.

प्रयोगाच्या दिवशी लोकलमध्ये बोलू नका. गाण्याने घसा बसत नाही तितका गाडीच्या आवाजावर ओरडून बोलल्याने बसतो. घोडबंदर रोडला अडकलात तर तोंड मिटून गुणगुणत बसा, तेवढाच रियाज. म्युझिक ट्रॅकवर असेल तर ज्या लॅपटॉपवरून वाजणार त्याचं इंटरनेट बंद करा, आमच्या एका शोकप्रसंगात कोणाच्या तरी मेसेजची टिंग आख्ख्या थिएटरने ऐकलीये. क्यू शीटवर, म्हणजे कधी काय वाजवायचं त्या कागदावर, नुसतं ‘गाणं दोन’ लिहू नका, त्याच्या आधीचं शेवटचं वाक्य लिहा.

आता कंटाळवाणं पण महत्त्वाचं, कागद. एका ग्रुपने माझी चाल दुसऱ्या नाटकात वापरली, नाव नाही, पैसे नाहीत, आणि मी काही बोलू शकलो नाही कारण काहीच लिहून घेतलं नव्हतं, मानधन म्हणून वडापाव आणि चहा झाला होता. आपल्याकडे कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे आणि हक्क गाणं लिहून किंवा रेकॉर्ड होऊन तयार झालं की आपोआप मिळतो, नोंदणी सक्तीची नाही, लेखक असेपर्यंत आणि नंतर ६० वर्षं राहतो. पण ते आपलं आहे हे दाखवता यायला हवं, म्हणून चाल सुचली की फोनवर रेकॉर्ड करा आणि स्वतःलाच मेल करा, तारीख पडते. हक्क कोणाला लिहून देत असाल तर किती वर्षांसाठी आणि कुठे ते लिहाच, मुदत लिहिली नाही तर कायद्यात ती ५ वर्षं धरतात, आणि जागा लिहिली नाही तर फक्त भारत. गाणी बऱ्यापैकी वाजायला लागली की आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासदत्व घ्या. आणि तिकीट लावून प्रयोग करणार असाल तर संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकं तपासणाऱ्या सरकारी मंडळाकडे, जाते, गाणी त्यातच टाइप करून द्या, मागाहून चिकटवू नका.

नोकरी सोडू का, हा प्रश्न शेवटी येतोच. मी नाही सोडली. पी. सावळाराम आपल्या ठाण्याचे नगराध्यक्ष होते आणि गाणीही लिहीत होते, तेव्हा वेळ नाही हे कारण मला जरा कमीच पटतं. पण ज्याच्या घरचं भागतंय त्याने सोडावी, मी कोण सांगणारा.

एक वही मात्र आजच करा. गाणं, तारीख, ताल, पट्टी, कोणी गायलं. वयाबरोबर आवाज खाली सरकतो, मी काळी दोनवरून काळी एकवर आलोय. पट्टीच्या रकान्यात जुनं खोडू नका, शेजारी नवं लिहा.