भर उन्हाळ्यात बेळगावच्या पूर्वेकडील कोरड्या मुलखात गाडी आणि तंबू कसा न्यावा

बेळगाव शहर सुमारे २,५०० फूट उंचीवर असल्यामुळे इथल्या माणसाला उन्हाची खरी धग यरगट्टी ओलांडल्यावरच कळते. सौंदत्ती, रामदुर्ग, अथणीच्या बाजूला एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या घरात जातो. हा मुलूख वाळवंट नव्हे. तरी पिके निघालेल्या शिवारात दुपारी चिटपाखरू नसते, म्हणून तयारी वाळवंटाचीच करावी.

आधी गाडी पाहावी. कूलंट, होज पाइप, बॅटरी आणि पंखा तपासून घ्यावा. टायरमधील हवा सकाळी, टायर थंड असतानाच भरावी. रस्त्यात दाब वाढलेला दिसला म्हणून हवा सोडू नये. आडवाटांवर वेड्या बाभळीचे काटे पडलेले असतात, तेव्हा चांगली स्टेपनी हवीच, आणि भुसभुशीत मातीत जॅक खचतो म्हणून त्याच्याखाली ठेवायला एक जाड फळीही हवी.

पिण्यासाठी माणशी रोज किमान सहा लिटर पाणी धरावे. गाडीसाठी आणि अंगावर घेण्यासाठी दहा-पंधरा लिटर वेगळे ठेवावे. सगळे पाणी एकाच कॅनमध्ये भरू नये, कारण तो फुटला की सगळेच गेले. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते थोडे थोडे पीत राहावे. खाण्यासाठी कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी यांच्यासारखे टिकाऊ दुसरे काही नाही.

पहाटे निघून अकराच्या आत सावली गाठावी आणि चारपर्यंत तिथेच थांबावे. इंजिनाच्या तापमानाचा काटा वर चढू लागला तर एसी बंद करून गाडी बाजूला घ्यावी. रेडिएटरचे झाकण मात्र इंजिन पुरते थंड होईपर्यंत उघडू नये, उकळते पाणी अंगावर उडते.

मुक्कामाची जागा निवडताना घाई करू नये. मालकाला विचारून मुरमाड माळावर तंबू ठोकावा. ओढ्याचे कोरडे पात्र कितीही सपाट दिसले तरी टाळावे, कारण वरच्या अंगाला वळीव झाला की पाणी न सांगता येते. काळ्या रानातही गाडी घालू नये; एका सरीने त्याचा चिखल होतो आणि मग ट्रॅक्टर शोधण्यावाचून गत्यंतर नसते. मलप्रभेवरील नविलुतीर्थ धरणाचा जलाशय उन्हाळ्यात ओसरला की काठावर भेगाळलेला गाळ दिसतो. तो वरून कडक आणि आत मऊ असतो, तेव्हा चाके त्यावर न्यायचा मोह आवरावा. विजा कडाडू लागल्यास तंबू आणि एकटे झाड सोडून काचा लावून गाडीत बसावे. वाळलेल्या गवतामुळे शेकोटी नकोच. सकाळी बूट झटकूनच पायांत घालावेत; विंचवाला तशीच जागा आवडते.

सोबतचा कोणी असंबद्ध बोलू लागला आणि त्याचे अंग भट्टीसारखे तापले, तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत निजवून अंगभर पाणी ओतावे, वारा घालावा, शुद्ध हरपली असल्यास तोंडात पाणी घालू नये आणि १०८ ला फोन करावा. रेंज नसेल तर त्याला थंड करत करतच दवाखान्याकडे निघावे. ठिकाण सांगता यावे म्हणून मागे पडलेल्या शेवटच्या गावाचे नाव आणि तिथला किलोमीटरचा आकडा वाटेत वहीत टिपत जावा.