कुंद्याच्या डब्यांच्या बेल्टवर यूव्ही बोगदा बसवताना

यूव्ही बोगदा म्हणजे जंतू मारणाऱ्या यूव्ही (अतिनील) दिव्यांची पेटी, बेल्टवरचे डबे तिच्या आतून जातात. ही किरणे फक्त रिकाम्या डब्यांवर आणि झाकणांवर सोडा, कुंद्यावर नको. खवा-तुपाच्या पदार्थावर ती पडली की खवट वास येतो, आणि पृष्ठभागाच्या खाली ती पोचतही नाहीत.

दिवा किती वॉटचा, यावर जाऊ नका. आधी बेल्टचा वेग मोजा. बेल्ट मिनिटाला 6 मीटर चालत असेल तर सेकंदाला 10 सेंमी झाले. 1 मीटर उजेडाच्या पट्ट्यातून जायला डब्याला 10 सेकंद मिळतात. डब्याच्या तळाशी 254 नॅनोमीटरच्या यूव्ही किरणांचा जोर मोजणारा मीटर ठेवून सरासरी 3 मिलिवॉट प्रति चौ. सेंमी आले, तर मात्रा (जोर गुणिले सेकंद) 30 मिलिज्यूल प्रति चौ. सेंमी. साध्या जिवाणूंना एवढी पुरते. काळ्या बुरशीला शंभराच्या वर लागते आणि पावसाळ्यात बेळगावात खरा त्रास बुरशीचाच. तेव्हा एक तर दिवे वाढवा, नाहीतर बोगदा लांबवा किंवा वेग कमी करा. मीटर नेहमी तळाच्या कोपऱ्यात ठेवावा. खोल डब्याचा कोपरा सावलीत राहतो आणि बुरशी तिथूनच सुरू होते.

पेटी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही चांगल्या शीट मेटल वर्कशॉपात बनते. बाहेरून स्टेनलेस स्टील चालेल, पण दिव्यामागचा रिफ्लेक्टर चकचकीत ॲल्युमिनियमचाच हवा. स्टेनलेस ही किरणे फारच कमी परतवते. दिवे ओझोन न करणारे घ्या, त्यावर फुटल्यास काचा धरून ठेवणारे एफईपी कोटिंग असू द्या. दिव्याखाली साधी काच किंवा ॲक्रिलिक लावू नका, किरणे तिथेच अडतात. थंड हवेचा झोत दिव्यावर येत असेल तर पेटी सरकवा, दिवा गार पडला की जोर घटतो.

वायरिंगमध्ये एक पेच हमखास पडतो. दिवा पेटल्यावर पूर्ण जोर यायला काही मिनिटे लागतात. बेल्ट थांबला की दिवा लगेच बंद, अशी जोडणी केली तर प्रत्येक छोट्या थांब्यानंतर डबे अर्धवट मात्रेत पुढे जातात, शिवाय सारख्या चालू-बंदने दिव्याचे आयुष्य कमी होते. म्हणून बेल्टचा थांबा टाइमरवर घ्या. थांबा छोटा असेल तर दिवा चालू राहावा, लांबला तर बंद व्हावा. थांब्यात आत अडकलेले डबे मात्र काढून टाका, प्लास्टिक तापते. सकाळी बेल्ट 5 मिनिटे रिकामा फिरवा, यूव्ही दिवे तयार झाल्याची खूण देणारा हिरवा दिवा लागल्यावरच डबे टाका.

पेटीच्या दाराच्या बाबतीत टाइमर अजिबात नको. दार उघडताच दिवा विझलाच पाहिजे. त्यासाठी दारांचे सेफ्टी स्विच कॉन्टॅक्टरच्या (दिव्यांची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या) कॉइलशी सिरीजमध्ये जोडा. मग दोन्ही तोंडांना पडदे लावून कामगार बसतो त्या जागी मीटर धरा. 8 तासांच्या पाळीसाठी आकडा 0.2 मायक्रोवॉट प्रति चौ. सेंमीच्या आत हवा. तो जास्त असेल तर डोळे रात्री वाळू गेल्यासारखे चुरचुरतात, कातडी भाजते. ताबडतोब पडदे वाढवा किंवा बोगद्याचे तोंड लांबवा.

साखरेची धूळ आणि तुपाची वाफ दिव्यावर बसून पातळ थर होतो. डोळ्याला तो दिसत नाही, मीटरला कळतो. दर आठवड्याला दिवा बंद करून, गार झाल्यावर, हातमोजे घालून, धागे न सुटणाऱ्या फडक्याने आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. निळा उजेड दिसतो म्हणून दिवा चांगला, असे धरू नका. साधारण 8,000 ते 9,000 तासांनी तो बदला. दिवा फुटला तर लाइन थांबवा, आतला सगळा माल फेका. त्यात पारा असतो, तो झाडूने लोटू नका.