कोयनेवरचा पाऊस पायथनकडून कसा मागवावा

जुलै लागला की सांगलीत सकाळच्या चहाला एकच चौकशी असते, "कोयनेला किती झाला?" इथं ऊन पडलेलं असलं तरी पाटण-महाबळेश्वरकडं कोसळला की कृष्णा चढते. आयर्विन पुलाजवळ 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या आकड्यांपेक्षा पावसाचा अंदाज आपणच मागवलेला बरा. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत पाच-सहा ओळींचं काम आहे, आणि त्याचं श्रेय 'रिक्वेस्ट्स' या लायब्ररीला, म्हणजे इंटरनेटवरून माहिती मागवणाऱ्या तयार कोडला. केनेथ राइट्झ यांनी ती 2011 मध्ये आणली.

पायथन आधीच बसवलेलं आहे असं धरतो. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, 'पिप इन्स्टॉल रिक्वेस्ट्स' टाइप करा. इथं दिलेली नावं इंग्रजी अक्षरांतच लिहायची, आणि रिक्वेस्ट्सच्या शेवटचा 'एस' गाळायचा नाही. आपल्या फाइलला मात्र 'रिक्वेस्ट्स' नाव देऊ नका. दिलंत तर पायथन लायब्ररीऐवजी तुमचीच फाइल उघडतो आणि 'गेट' सापडत नाही म्हणून तक्रार करतो. नवशिके हमखास इथं अडकतात.

फाइलच्या पहिल्या ओळीत 'इम्पोर्ट रिक्वेस्ट्स'. माहिती ओपन-मेटिओ या हवामानाचा अंदाज देणाऱ्या सेवेकडून घेऊ. घरगुती वापराला ती फुकट आहे, नोंदणीही लागत नाही. मागणी एका डिक्शनरीत (नाव आणि त्यापुढं त्याची किंमत अशा जोड्यांत) मांडा: लॅटिट्यूड 17.40, लाँगिट्यूड 73.75 (हे कोयनानगर), डेलीपुढं 'प्रेसिपिटेशन अंडरस्कोर सम', टाइमझोन 'एशिया स्लॅश कोलकाता'. मग 'रिक्वेस्ट्स डॉट गेट'ला तीन गोष्टी द्या: ओपन-मेटिओचा फोरकास्टचा पत्ता (त्यांच्या संकेतस्थळावर मिळतो), 'पॅरॅम्स' म्हणून ही डिक्शनरी, आणि 'टाइमआउट' 10. पत्त्यापुढं प्रश्नचिन्ह, अँड अशी चिन्हं हातानं जोडत बसू नका, ते लायब्ररी करते. आलेलं उत्तर 'आर'मध्ये ठेवा.

टाइमआउट कुणी गाळू नये. रिक्वेस्ट्स आपणहून कुठलीच मुदत घालत नाही, सर्व्हर गप्प बसला तर प्रोग्रामही गप्प बसतो. मी एकदा रात्री असाच एक प्रोग्राम लावून झोपलो. सकाळी उठलो तर तो पहिल्याच मागणीवर उभा होता, एसटी स्टँडवर न येणाऱ्या गाडीची वाट बघावी तसा. 10 म्हणजे सगळं काम दहा सेकंदांत उरकेल असंही नव्हे. पलीकडून काहीच येत नसेल तर किती वेळ थांबायचं, एवढंच तो आकडा ठरवतो.

पुढची ओळ 'आर डॉट रेझ फॉर स्टेटस', शब्दांमध्ये अंडरस्कोर आणि शेवटी रिकामा कंस. 404 (पत्ता सापडला नाही) किंवा 500 (सर्व्हरच बिघडला) आलं तर काम तिथंच थांबतं. नाहीतर चुकीच्या उत्तरालाच माहिती समजून आपण पुढं जातो.

मग 'आर डॉट जेसन', पुन्हा रिकामा कंस; यानं उत्तराची डिक्शनरी होते. त्यातलं 'डेली', त्यातलं 'प्रेसिपिटेशन अंडरस्कोर सम' काढलं की आजपासून सात दिवसांचा पाऊस मिलिमीटरमध्ये समोर. हा अंदाज आहे हं, धरणातून किती क्युसेक सोडणार ते यात नसतं. आणि दर मिनिटाला विचारत बसू नका, तासातून एकदा पुरे. फार खोदलं तर सर्व्हर 429 देऊन दार लावतो.

हीच पद्धत मराठी वेबपेजला वापरलीत आणि 'आर डॉट टेक्स्ट'मध्ये अक्षरांऐवजी कचरा आला, तर घाबरू नका. सर्व्हरनं एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं कुठल्या संकेतांत साठवली आहेत ते, सांगितलेलं नसतं, म्हणून लायब्ररी युरोपी लिपी गृहीत धरते. टेक्स्ट वाचण्याआधी 'आर डॉट एन्कोडिंग'मध्ये 'यूटीएफ-8' भरा, मराठी नीट दिसेल.