पोलच्या फोनवर समोरच्याने विचारलं, "हे खरं आहे का?"

2026 मध्ये अमेरिकेतल्या 36 राज्यांत गव्हर्नरची निवडणूक आहे. पोलसाठी, म्हणजे मतदारांना फोन करून त्यांचं मत विचारायला, फोनरूममध्ये माणसं हवी आहेत, आणि ओळखीतल्या दोघीतिघींनी मला विचारलं, "गं, हे काम कसं असतं?" त्यांच्यासाठी आणि तुमच्यासाठी हे लिहितेय.

मी 2021 ला सुरुवात केली. न्यू जर्सी राज्यातल्या एडिसनला राहत होते, वर्क परमिट नुकतंच हातात आलं होतं. तिथे गव्हर्नरपदासाठी तेव्हाचे गव्हर्नर फिल मर्फी विरुद्ध जॅक चिटारेली अशी लढत होती. कोविडमुळे काम घरूनच, संध्याकाळी पाच ते नऊ. बेडरूमचं दार लावायचं, हेडसेट चढवायचा आणि कुकर नवऱ्यावर सोपवायचा.

मोबाइलवर आपोआप नंबर लावणाऱ्या मशीनने परवानगीशिवाय फोन करायला 1991 पासून कायद्याने बंदी आहे. म्हणून आम्ही मोबाइल नंबर हाताने लावायचो. बहुतेक लोक फोन आपटतात. ते मनावर घ्यायचं नाही, खरंच नाही. पहिल्या आठवड्यात मी रडले आहे, म्हणून सांगते.

आता मुद्द्याचं. मेसेज टेस्टिंगच्या, म्हणजे कुठल्या विधानाने मत हलतं ते तपासणाऱ्या पोलमध्ये आधी विचारतात, आज मत कुणाला द्याल? मग उमेदवारांबद्दल एकेक विधान वाचून दाखवायचं, बाजूचं आणि विरोधातलंही. हे ऐकून त्यांना मत देण्याची शक्यता वाढली की कमी झाली, खूप की थोडी, ते विचारायचं. शेवटी पुन्हा तोच प्रश्न, मत कुणाला? आधीच्या आणि नंतरच्या उत्तरात जो फरक पडतो, त्याचेच प्रचारवाले पैसे मोजतात.

मी अडकले ती जागा अशी. ओशन काउंटीतल्या टॉम्स रिव्हरच्या एक आजी लाइनवर होत्या. आवाज थकलेला, पण उत्तरं नीट विचार करून देत होत्या. प्रॉपर्टी टॅक्सचं विधान आलं. मर्फी 2019 मध्ये म्हणाले होते की ज्याला फक्त टॅक्सचीच काळजी आहे, त्याच्यासाठी आपलं राज्य बहुधा नाही, अशा अर्थाचं ते विधान होतं. आजींनी विचारलं, "खरंच असं म्हणाला तो?" मी ती क्लिप पाहिली होती. म्हटलं, "हो, व्हिडिओ आहे." त्या म्हणाल्या, "मग नाही द्यायचं मत." मी नोंद केली आणि पुढे गेले. फोन संपताच सुपरवायझरचा मेसेज आला, मुलाखत रद्द. अठरा मिनिटं गेली.

मला फार राग आला होता, कारण मी खोटं काहीच बोलले नव्हते. चूक कळायला दोन दिवस लागले. त्या पोलमध्ये सहाशे लोकांना तेच वाक्य, त्याच शब्दांत ऐकवायचं होतं. बाकी 599 जणांना "व्हिडिओ आहे" असं कुणी सांगितलं नव्हतं. आजींचं उत्तर त्या वाक्याला नव्हतं, माझ्या ग्वाहीला होतं. आवाजाचंही तसंच. आपल्याला पटणारं विधान आपण नकळत ठासून वाचतो आणि न पटणारं भरभर उरकतो. वाईट विधान वाचताना "सॉरी हं" म्हणणं तर सगळ्यात घातक. कुणी "खरं आहे का?" विचारलं तर एवढंच म्हणा: "मला फक्त वाचून दाखवायचं आहे, तुम्ही जे ऐकलंत त्यावरून सांगा." आणि पूर्ण वाक्य पुन्हा वाचा. अर्धं नाही, पूर्ण.

"हे घाणेरडं काम तर नाही ना?" हा प्रश्न तुम्हाला पडेल, पडायलाच हवा. पुश पोल, म्हणजे पोलच्या नावाखाली केलेली बदनामी, वेगळा असतो. हजारोंना फोन, मिनिटभरात चिखलफेक, वय-शिक्षण काही विचारायचं नाही, कारण उत्तरं कुणाला नकोच असतात. तशी स्क्रिप्ट हातात आली तर त्याच दिवशी सोडा. प्रश्नावली लांब असेल, पोल काही शे लोकांचाच असेल आणि शेवटी वय, शिक्षण, वंश विचारत असेल, तर निर्धास्त राहा.

शिकायचं कुणाकडून? सगळ्यात जास्त मुलाखती भरणाऱ्याकडून मुळीच नाही. आमच्यातल्या एकाने मला "थोडी की खूप ते विचारूच नको, आवाजावरून कळतं" असं शिकवलं होतं. महिन्याभरात त्याचं काम गेलं. रेकॉर्डिंग ऐकलं जातं. हळू काम करणारी, प्रत्येक पर्याय वाचणारी बाई शोधा आणि तिचं ऐकत बसा.

त्या नोव्हेंबरमध्ये मर्फी साधारण 3 टक्क्यांनी जिंकले. मॉनमथ विद्यापीठाच्या शेवटच्या पोलमध्ये ते 11 ने पुढे होते, आणि त्या पोलचे तेव्हाचे प्रमुख पॅट्रिक मरे यांनी लेख लिहून जाहीर माफी मागितली. त्यांचा पोल वेगळा, आमचा वेगळा. पण तो लेख वाचताना मला त्या रद्द झालेल्या अठरा मिनिटांचा राग उरला नाही.

आजींच्या जागी ओशन काउंटीतलीच, पासष्टीच्या पुढची दुसरी बाई हवी होती. ती मिळेपर्यंत माझ्या दोन संध्याकाळी गेल्या. तिनेही त्याच वाक्यावर थांबून विचारलं, "हे खरं आहे का?" मी वाक्य पहिल्यापासून पुन्हा वाचलं.